ओसरत्या पाण्याचा वसंत : कळंबा तलावावरील पक्षी

श्रोतेहो,

पावसाळ्यात कळंब्याचा सांडवा वाहू लागला की निम्मे कोल्हापूर तो पाहायला जाते. डिसेंबर-जानेवारीत बदके उतरल्याची बातमी आली की दुर्बिणी घेतलेली मंडळी बांधावर दिसू लागतात. फाल्गुन लागला की मात्र हंगाम संपला असे समजून दुर्बिणी कपाटात जातात. माझे आजचे बोलणे या समजुतीविषयी आहे. फेब्रुवारीच्या मध्यापासून जोतिबाच्या चैत्र यात्रेपर्यंतचे दोन महिने हे तलावावरचे पक्षी पाहण्याचे वर्षातले सर्वांत मोलाचे दिवस आहेत, असे माझे मत आहे. माझ्याच वह्या चाळल्या तर पहिल्या काही वर्षांत नेमकी हीच पाने कोरी आहेत, याची मला आजही हळहळ वाटते.

युरोपातील पक्षिनिरीक्षकांचा वसंत हा आगमनाचा ऋतू असतो. पहिली माळभिंगरी कोणाला कधी दिसली याची तेथे वाट पाहिली जाते. तीच माळभिंगरी आपल्याकडे हिवाळी पाहुणी आहे. मार्चमध्ये विजेच्या तारांवर ओळीने बसलेल्या माळभिंगऱ्या दिसतात तेव्हा त्या निरोपाच्या तयारीत असतात. म्हणून आपल्या वसंताची नोंद दोन बाजूंनी ठेवावी लागते. एकीकडे जाणाऱ्यांची पाठवणी चाललेली असते आणि दुसरीकडे येथेच राहणाऱ्यांच्या घरात लग्नाची गडबड उडालेली असते. या दोन्ही गोष्टी ज्या रंगमंचावर घडतात, तो रंगमंच रोज थोडा थोडा आक्रसत असतो, कारण तलावाचे पाणी उतरत असते.

कळंबा तलाव संस्थानकाळात शहराला पाणी पुरवण्यासाठी बांधला गेला आणि कात्यायनीच्या डोंगराकडून येणाऱ्या पाण्यावर तो भरतो. बांधाकडची बाजू खोल आहे. ओढे येऊन मिळतात ती बाजू उथळ आहे. पाणी ओसरू लागले की या उथळ बाजूला आधी ओला चिखल, मग भेगाळलेली माती आणि तिच्या पलीकडे कोवळे गवत असे पट्टे पडत जातात. पक्ष्यांची वाटणी या पट्ट्यांवर होते आणि तिचे गणित चोचीच्या व पायांच्या लांबीत आहे. कंठेरी चिखल्याची चोच आखूड, म्हणून तो नुसत्या ओल्या मातीवर धावत धावत किडे टिपतो. ठिपकेवाली तुतारी घोट्याएवढ्या पाण्यात उतरते. काडीसारख्या गुलाबी पायांचा शेकाट्या तिच्याही पुढे जातो. त्यापलीकडच्या पाण्यात थापट्या बदक आपली फावड्यासारखी रुंद चोच पृष्ठभागावर फिरवत पाणी गाळत पोहते, आणि तलवार बदक शेपूट वर करून लांब मान तळाशी पोचवते. पाण्याची पातळी वीतभर उतरली की ही सगळी पंगत वीतभर पुढे सरकते आणि कालपर्यंत पाण्याखाली असलेले नवे ताट तिच्यासमोर येते.

ही मेजवानी त्यांना याच दिवसांत का लागते, हे समजून घेतले पाहिजे. तुताऱ्यांना सैबेरिया आणि उत्तर युरोपच्या दलदलींकडे जायचे असते. थापट्या आणि भुवई बदकांपैकी पुष्कळांना मध्य आशियाच्या गवताळ पाणथळींकडे. कोल्हापूरच्या अक्षांशावर सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या दिवसात सुमारे दोन तासांचाच फरक असतो, तरीही दिवसाची ही वाढ पक्ष्यांच्या शरीराला जाणवते. त्यांची भूक वाढते, कातडीखाली चरबी साठू लागते, आणि लांब पल्ल्याच्या काही जाती निघण्यापूर्वी आपल्या वजनात निम्म्याहून अधिक भर घालतात. अशा पक्ष्याला मार्चच्या सकाळी कोणी छायाचित्रासाठी चार वेळा उडवले, तर आपण त्याच्या शिदोरीतलेच काढून घेत असतो. पक्षी मान उंचावून थांबला, चरायचा बंद झाला, की आपण तेथून मागे यावे.

वसंताचा दुसरा लाभ ओळखीचा आहे. ऑक्टोबरमध्ये आलेली बदके पाहून नवा निरीक्षक गोंधळतो, कारण त्या वेळी नरही मादीसारखेच मातकट तपकिरी दिसतात. विणीनंतर नर आपली जुनी पिसे टाकतात. उडण्याची पिसेही एकदमच गळतात, आणि त्या असहाय दिवसांत हा मातकट वेष त्यांना लपवतो. हिवाळ्यात हळूहळू नवी पिसे येतात आणि फेब्रुवारीपर्यंत भुवई बदकाच्या नराची डोळ्यावरून मानेकडे गेलेली पांढरीशुभ्र भुवई लांबूनही ओळखू येते. पिवळ्या धोब्यांचेही तसेच. जानेवारीत फिकट, उदासवाणा वाटणारा हा पक्षी मार्चअखेर हळदीने माखल्यासारखा होतो. संध्याकाळी ते थव्याने उसात किंवा पाणकणसात मुक्कामाला उतरतात. एक दिवस ती जागा रिकामी असते.

आता घरच्या मंडळींकडे वळू. वर्षभर चिखलाच्या रंगाचा दिसणारा वंचक हा छोटा बगळा या दिवसांत पाठीवर गर्द तांबूस झूल पांघरतो. टिबुकली या बुड्या मारणाऱ्या छोट्या पाणपक्ष्याची मान विटकरी होते. ती वनस्पतींचे तरंगते घरटे करते आणि अंडी सोडून जाताना त्यांवर ओले शेवाळ ओढते, म्हणजे वरून पाहणाऱ्या घारीला नुसता कचरा दिसतो. कमळपक्ष्याला लांब, काळी, कमानदार शेपूट फुटू लागते. या पक्ष्याच्या संसारात मादी एका नराजवळ अंडी घालून दुसऱ्याकडे जाते. अंडी उबवणे आणि पिल्ले सांभाळणे हे नराचे काम. शहरातल्या रंकाळा तलावावर केंदाळ, म्हणजे परदेशी जलपर्णी, माजते तेव्हा आपण सगळेच अस्वस्थ होतो आणि ते काढलेच पाहिजे, हे मला मान्य आहे. तरंगणाऱ्या देशी वनस्पतींची मात्र कमळपक्ष्याला गरज असते, आणि सफाई करताना हा भेद पाळला जावा.

या सर्वांत माझा जीव टिटवीत अडकला आहे. उघड्या पडलेल्या मातीवर चार खडे मांडून ती बहुधा चार अंडी घालते, आणि ती मातीत इतकी मिसळून जातात की पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. एप्रिलच्या दुपारी जमीन भाजत असते. तेव्हा टिटवी पाण्यावर जाते, पोटाची पिसे भिजवते आणि परत येऊन अंड्यांवर बसते. मी हे पहिल्यांदा पाहिले तेव्हा दुर्बीण खाली ठेवून नुसता बसून राहिलो होतो. याच मातीवर लोक गाड्या धुवायला आणतात, मुले क्रिकेटची खेळपट्टी आखतात, कुत्री फिरतात. त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही, कारण तेथे घरटे आहे हेच कोणाला माहीत नसते. ते सांगणे आपले काम आहे.

गाळ काढण्याचा प्रश्नही येथेच येतो. राज्यात 2017 पासून गाळमुक्त धरणाची योजना आहे. तलावाची साठवण वाढावी आणि गाळ शेताला मिळावा, हे दोन्ही हेतू योग्य आहेत. माझे म्हणणे एवढेच की खोदाई बांधाकडच्या खोल भागात करावी आणि ओढ्यांकडचा उथळ उतार तसाच ठेवावा. यंत्राने काठ सरळ उभा कापला की पाणी वाढते, पण मघाशी सांगितलेली पंगत बसायला जागाच उरत नाही. यंत्रे उतरण्यापूर्वी दोन जाणत्या माणसांनी सकाळी ती जमीन चालून टिटवीची घरटी खुणेने दाखवून दिली, तर तेवढे तुकडे महिनाभर सहज वगळता येतील. अंडी उबायला साधारण चार आठवडे लागतात.

तलावाभोवतीच्या झाडांवर येणाऱ्या भोरड्यांचाही, म्हणजे गुलाबी मैनांचाही, येथे उल्लेख केला पाहिजे. शाळूच्या कणसांसाठी शेतकऱ्याला गोफण हाती घ्यायला लावणारे हे गुलाबी पाहुणे पुढे पळस आणि पांगाऱ्याच्या फुलांवर मध प्यायला जमतात, आणि मध्य आशियात परतल्यावर तेथील टोळांवर आपली पिल्ले वाढवतात.

शेवटी एक विनंती. आगमनाची तारीख टिपणे सोपे असते, कारण पक्षी दिसला की ती मिळते. जाण्याची तारीख त्या दिवशी ओळखता येत नाही. आज दिसलेले थापट्या बदक उद्याही असेल असे आपल्याला वाटते, आणि पुढच्या रविवारी पाणी रिकामे असते. मधल्या दिवसांची नोंद नसेल तर ते सोमवारी गेले की शनिवारी, हे कायमचे हरवते. म्हणून फेब्रुवारीपासून मेच्या वळवापर्यंत, जमेल तितक्या वेळा, त्याच जागी उभे राहून लिहावे : तारीख, वेळ, पाण्याची कड कोणत्या खुणेपर्यंत आली आहे, कोणते पक्षी आणि किती. ज्या दिवशी एकही बदक दिसले नाही, त्या दिवशी शून्य लिहावे.