घागरीवरचं नाव, शिळेवरचं नाव

खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांची घागर भरतात. पाण्याने भरलेली मातीची घागर, तिच्यावर खरबूज, शेजारी सांजोऱ्या आणि आंबे. मग गेलेल्यांचं एकेकाचं नाव घेऊन आगारी टाकतात, म्हणजे विस्तवावर नैवेद्याचा घास. घरातला कुणी महायुद्धात हवाई दलात गेला आणि परतलाच नाही, तर त्याचंही नाव इथे घ्यायचं असतं. तेच नाव इटलीत, ब्रह्मदेशात किंवा सिंगापुरात दगडावरही कोरलेलं असू शकतं.

(दृश्य: तळहातावर पदक, कडेवर तिरपा उजेड)

शोध घरातल्या पदकापासून सुरू करा. राजाचा मुखवटा बाजूला ठेवा, आपल्याला हवी ती कड. दुसऱ्या महायुद्धात भारतीयांना दिलेल्या गोल पदकांच्या कडेवर सैनिकाचा नंबर, हुद्दा आणि नाव बारीक इंग्रजी अक्षरांत ठोकलेलं असतं. ताऱ्याच्या आकाराचं पदक असेल तर मागची बाजू पाहा. चिंच आणि राख मात्र लावू नका. दर दिवाळीला भांड्यांबरोबर घासलेल्या पदकाची अक्षरं झिजतात. नंबर गेला की माग काढणं फार कठीण होतं.

महायुद्धांत पडलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर शोध मोफत आहे. तिथे आधी नंबर टाका, नाव नंतर. नाव कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं लिहिलेलं असतं, कित्येकदा आडनावच नसतं. गावाचंही तसंच. जळगाव जिल्हा, नंदुरबार जिल्हा शोधून काही हाती लागणार नाही. 1906 पासून त्या काळात जिल्हे होते पूर्व खान्देश आणि पश्चिम खान्देश. धुळ्याचं स्पेलिंग 'धुलिया' करून पाहा.

कबर सापडेलच असं नाही. हिंदू आणि शीख सैनिकांचं शक्य तिथे दहन होई, आणि नाव स्मारकावर कोरलं जाई. दक्षिण आणि पूर्व आशियात किंवा तिथल्या समुद्रांवर पडलेल्या, कबर नसलेल्या वैमानिकांची नावं सिंगापूरच्या क्रांजी स्मशानभूमीतल्या स्मारकावर आहेत. तिथे एकूण 24,000 हून अधिक नावं आहेत. विमान कोसळल्यावर कुठला देह कुणाचा हे ओळखता आलं नाही, तर विमानातली अख्खी तुकडी एकत्र पुरली जाई. अशा शिळा एकमेकींना खेटून उभ्या दिसतात.

कबर असेल तर प्लॉट, रांग आणि क्रमांक लिहून न्या. बऱ्याच ठिकाणी प्रवेशाजवळच्या भिंतीत लहान पेटी असते, तिच्यात नोंदवही आणि नकाशा मिळतो. शिळा सुमारे 81 सेंटीमीटर उंच, 38 रुंद. अधिकारी असो वा साधा शिपाई, माप एकच. हिंदूंच्या शिळेवर देवनागरीत 'ॐ भगवते नमः' दिसतं. परक्या मुलखात आपली अक्षरं वाचताना गळा दाटून येतो. पहिल्या महायुद्धातले वैमानिक, मूळचे कोलकात्याचे इंद्रलाल रॉय 22 जुलै 1918 रोजी, 19 व्या वर्षी फ्रान्सच्या आकाशात पडले. एस्तव्हेलच्या त्यांच्या कबरीवरही बंगाली मजकूर आहे.

(दृश्य: शिळेच्या पायथ्याशी झेंडूची फुलं)

आता जपायचं ते. शिळेला हळद-कुंकू लावू नका, तेलाचा हात लावू नका. पोर्टलंडचा चुनखडी दगड सच्छिद्र असतो. रंग आणि तेल आत मुरतात, ते पुसून निघत नाहीत. मनात कितीही असलं तरी कुंकवाचं बोट दगडाला टेकवू नका, फुलं पायथ्याशी वाहा.

बरेच जण गावची माती न्यायला निघतात. युरोपीय संघात बाहेरच्या देशातली माती आणायला बंदी आहे, पिकांचे रोग आणि कीड पसरू नये म्हणून. विमानतळावर ती पिशवी काढून घेतली तर घरच्यांचा जीव तुटतो. तिथली माती भारतात आणायलाही परवाना लागतो. त्यापेक्षा नेहमीच्या वापरातलं काही सोबत न्या, घरच्या देवापुढचा कोरडा बेल किंवा तांदूळ मात्र सामानात घालण्याआधी तिथले नियम विचारून घ्या. फुलं तिथेच विकत घ्या.

फोटो काढताना बाजूने उजेड पडू द्या, समोरून फ्लॅश मारला की कोरीव अक्षरं सपाट दिसतात. परत आल्यावर फोटोमागे शिळेवरचं स्पेलिंग, नंबर, प्लॉट आणि रांग लिहा. खाली घरात हाक मारायचे ते नाव लिहा. पुढच्या आखाजीला घागरीपाशी तेच घ्यायचं आहे.