किडनीतला निळा रंग

काचपट्टीवरचा हा बारीक धागा म्हणजे किडनीच्या बायोप्सीचा तुकडा. सुईने काढलेला, लांबी जेमतेम दीड सेंटीमीटर. मॅसन ट्रायक्रोमने रंगवला की पेशी लाल दिसतात आणि कोलॅजेन हे धाग्यांसारखं प्रथिन निळं. निरोगी किडनीत लाल नलिका एकमेकींना खेटून असतात, मधे निळ्याची पुसट रेघ. इथे मात्र निळा पसरलाय आणि नलिका त्यात आक्रसून, सुट्या सुट्या पडल्यात. हा व्रण. फुटलेल्या गुडघ्यावर राहतो, त्याच जातीचा. फक्त गुडघ्याला रक्त गाळायचं नसतं.

दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळतात. लघवी होते दीड-दोन लिटर. बाकीचं सगळं परत ओढून घ्यायचं काम या नलिकांचं. काम दमछाक करणारं, म्हणून ऑक्सिजन कमी पडला की पहिला फटका त्यांनाच.

कोलॅजेन विणतात मायोफायब्रोब्लास्ट. पण या पेशी येतात कुठून? यावर संशोधकांची वर्षानुवर्षं जुंपली होती. नलिकेच्याच पेशी रूप पालटून बाहेर पडतात आणि व्रण विणू लागतात, असं एका गटाचं म्हणणं. २००२ मध्ये उंदरांवरच्या एका प्रयोगाने त्याला चांगलंच बळ दिलं.

मग २०१० मध्ये बेंजामिन हम्फ्रीज आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या नलिकापेशींवर कायमची चमकती खूण केली. मूत्रवाहिनी बांधली. व्रण झाला. खूण असलेल्या पेशी शोधल्या, तर सगळ्या नलिकेच्या आतच! विणकर निघाले पेरिसाइट, म्हणजे केशवाहिन्यांना बिलगून बसणाऱ्या पेशी.

मग नलिका निर्दोष? तसंही नाही. २०१५ च्या अभ्यासांत दिसलं की दुखावलेली नलिकापेशी जागा सोडत नाही, पण अर्धवट पालटते. आतल्या बाजूची ब्रशसारखी झालर गळते, शोषणाचं काम मंदावतं आणि ती टीजीएफ-बीटासारखे संदेश सोडत राहते. शेजारचे विणकर त्यानेच चेवतात. उंदरांमध्ये स्नेल-१ हे जनुक पुन्हा जागं होऊ दिलं नाही, तेव्हा हे अर्धवट रूपांतर थांबलं आणि व्रणही कमी झाला.

आता पुन्हा ही काचपट्टी. रिपोर्टात पॅथॉलॉजिस्ट निळ्याची टक्केवारी लिहितात, 'आयएफटीए' या नावाखाली. आयएफ म्हणजे व्रण, टीए म्हणजे सुकलेल्या नलिका. दोन्हींचा आकडा एकच.