दहा दिवसांचा हिशेब

(पडद्यावर: पहाट. दोन देशांना जोडणारा पूल. खाली नदीचं काँक्रीटचं पात्र.)

हे टेक्सासमधलं एल पासो. पलीकडे दिसतंय ते मेक्सिकोचं सिउदाद हुआरेझ. मधली ही रिओ ग्रांदे. काँक्रीटमध्ये बांधून घातलेल्या या पाण्याला नदी म्हणायला जीभ रेटत नाही, पण सरहद्द हीच.

ऑक्टोबर 2019 मध्ये अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याने इथे एक योजना सुरू केली. पत्रकार परिषद नाही, जाहीर सूचना नाही. नाव 'प्रॉम्प्ट असायलम क्लेम रिव्ह्यू', म्हणजे आश्रयाच्या दाव्यांची झटपट तपासणी. लघुरूप 'पॅकर'. मेक्सिकन नागरिकांसाठी तिची जुळी बहीण, 'हार्प'. लोकांना पत्ता लागला तो बातम्यांमधून.

झटपट हकालपट्टीची, म्हणजे पूर्ण सुनावणीशिवाय मायदेशी परत पाठवण्याची, तरतूद जुनीच, 1996 च्या कायद्यातली. त्यात एक खिडकी ठेवलेली आहे. 'परत गेले तर माझ्या जिवाला धोका आहे' असं कुणी म्हटलं, की आश्रय अधिकाऱ्याने त्या व्यक्तीची मुलाखत घ्यायची. भीतीत तथ्य वाटलं तर प्रकरण पुढे चालतं. नाही वाटलं, तर न्यायाधीशाकडून एकदा फेरतपासणी, आणि मग परतीचं विमान.

'पॅकर'ने ही खिडकी बंद केली नाही. ती कुठे उघडायची, एवढंच बदललं. पूर्वी अशी कुटुंबं टेक्सासमधल्या डिलीसारख्या, कुटुंबांना स्थानबद्ध ठेवण्याच्या केंद्रात जायची. तिथे स्वयंसेवी वकील आवारातच भेटत. आता कुटुंब सीमा पोलिसांच्या कोठडीतच ठेवायचं आणि साधारण 10 दिवसांत निकाल लावायचा, असं ठरलं. वकिलाला आत प्रवेश नाही. जो काही सल्ला घ्यायचा तो फोनवर, आणि त्यासाठी हातात एक दिवस.

(पडद्यावर: चंदेरी पन्नीची घडी उलगडते. फक्त तिचा आवाज.)

स्थलांतरित या कोठड्यांना 'इएलेरा' म्हणतात. स्पॅनिशमध्ये, बर्फाची पेटी. पांघरायला ही चंदेरी पन्नी. कूस बदलली की चुरचुरते. अशा जागी कडेवर लेकरू घेऊन आई फोनपाशी उभी. आपल्या गावात नवऱ्याचं काय झालं, हे तिने अनोळखी वकिलाला सांगायचं, आणि ऐकायला तिचंच मूल शेजारी.

आता हिशेब मांडू. योजना जाहीरच केली नव्हती, म्हणजे तिचे नियम मिळवायचे तर अर्ज करायला हवा. अमेरिकेचा माहिती स्वातंत्र्य कायदा 1966 चा, आपल्या माहिती अधिकाराहून बराच थोरला. त्यात उत्तराची मुदत 20 कामकाजी दिवस. तातडीने द्या म्हटलं, तर ही विनंती तातडीची मानायची की नाही, हे ठरवायलाच खात्याला 10 दिवस. म्हणजे योजनेचा नियम मागणारा अर्ज टेबलावर पोहोचून त्याचा क्रम लागेपर्यंत कुटुंब ग्वाटेमालाच्या विमानात बसलेलंही असू शकतं. (आपल्या 2005 च्या कायद्यात जीवित आणि स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर 48 तासांत माहिती द्या, असं लिहिलंय. आपल्याकडे ते किती पाळलं जातं, हा वेगळा माहितीपट.)

डिसेंबर 2019 मध्ये प्रकरण वॉशिंग्टनच्या न्यायालयात गेलं. खात्याच्या निर्णयाला आव्हान दिलं, की त्यामागची कागदपत्रं न्यायालयापुढे ठेवावी लागतात. नोव्हेंबर 2020 मध्ये निकाल आला तो सरकारच्या बाजूने. देणाऱ्या होत्या न्यायाधीश केतांजी ब्राउन जॅक्सन, आज सर्वोच्च न्यायालयात असलेल्या. म्हणजे योजना कायद्यात बसत होती. मग ती सांगायला काय अडचण होती?

जानेवारी 2021 मध्ये काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, लेखापरीक्षण कार्यालयाने अहवाल दिला. दोन्ही योजनांखाली 5 हजारांहून अधिक माणसं गेली होती. तोवर करोनाचं कारण देऊन सीमेवरूनच लोकांना परत पाठवणं सुरू झालं होतं आणि मार्च 2020 पासून 'पॅकर' थंडावली होती. फेब्रुवारी 2021 मध्ये अध्यक्ष बायडन यांनी दोन्ही योजना थांबवण्याचा आदेश काढला.

मे 2023 मध्ये बायडन सरकारनेच आश्रय मागणाऱ्या अशाच कुटुंबांसाठी नवी योजना आणली, या वेळी रीतसर पत्रक काढून. सुरुवात बाल्टिमोर, शिकागो, न्यूअर्क आणि वॉशिंग्टनपासून. कोठडी नाही. कुटुंबप्रमुखाच्या घोट्याला जीपीएस पट्टा, आणि रात्री 11 ते पहाटे 5 घराबाहेर पडायचं नाही.

(पडद्यावर: रात्र. भाड्याची खोली. मुलं झोपलेली.)

पट्टा घोट्यावरून काढता येत नाही, पण त्याची बॅटरी उतरते. म्हणून आई भिंतीला टेकून बसलीय. पायापासून निघालेली वायर सॉकेटमध्ये. चार्जिंग होईपर्यंत तिला तिथून उठता येणार नाही.