कात्री कोणाच्या हातात?

मंडळी, मगाशी आत येताना एकांनी मला गाठलं आणि विचारलं, "हे सगळं आधी ठरवलेलं असतं ना हो?" रिअ‍ॅलिटी शोचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच. माझं उत्तर असं, की संवाद सहसा लिहिलेले नसतात, गोष्ट मात्र लिहिलेली असते. फक्त ती चित्रीकरण झाल्यावर, संकलनाच्या टेबलावर लिहिली जाते.

पुढच्या वेळी नीट बघा. कुणीतरी एकटं बसून कॅमेऱ्याशी बोलत असतं. "मला ती..." म्हणतं, आणि तेवढ्यात पडद्यावर दुसऱ्याच कुणाचा चेहरा येतो. आवाज चालूच असतो, "...अजिबात आवडत नाही." वाक्याचा सांधा बहुधा तिथेच असतो. पहिला तुकडा सोमवारचा, दुसरा गुरुवारचा, आणि गुरुवारची तक्रार कदाचित झोपायच्या गादीबद्दल असेल! अशा जोडवाक्याला या धंद्यात 'फ्रँकनबाइट' म्हणतात. मुलाखतींना पुन्हा पुन्हा तेच कपडे का घालायला लावतात, हेही आता लक्षात आलं असेल.

हे दुखणं जुनं आहे. 1973 मध्ये अमेरिकेत पीबीएस या सार्वजनिक वाहिनीवर 'अ‍ॅन अमेरिकन फॅमिली' ही एका खऱ्या कुटुंबाची मालिका दाखवली गेली. लाउड कुटुंबाच्या घरात सुमारे 300 तासांचं चित्रीकरण झालं होतं. प्रेक्षकांपुढे आले 12 भाग. त्यात पॅट लाउड आपल्या नवऱ्याला घटस्फोटाचं सांगून घराबाहेर काढते, तेही होतं. संकलनात आमचं वाईट तेवढंच उरलं, अशी त्या कुटुंबाची पुढे तक्रार होती.

वाहिन्यांना मात्र यात दुसरंच काही दिसलं. नट नकोत, संवादलेखक नकोत, खर्च कमी. 1988 मध्ये हॉलिवूडचे लेखक सुमारे पाच महिने संपावर होते, आणि पुढच्याच वर्षी फॉक्स वाहिनीवर खऱ्या पोलिसांमागे कॅमेरा घेऊन फिरणारं 'कॉप्स' सुरू झालं. 1999 मध्ये नेदरलँड्समध्ये निर्माते जॉन डी मोल यांचं, माणसांना कॅमेऱ्यांनी भरलेल्या घरात कोंडून ठेवणारं 'बिग ब्रदर' आलं, तेव्हा विकायला आराखडाच हाती लागला. घर तेच, कॅमेरे तेच; माणसं ज्या त्या देशाची घ्यायची.

इथवर बरीचशी अनोळखी माणसंच होती. नामवंतांनी या घरात का शिरावं? सुरुवातीला निमित्त होतं दानधर्माचं. 2001 मध्ये ब्रिटनमध्ये 'सेलिब्रिटी बिग ब्रदर' झालं ते कॉमिक रिलीफ या धर्मादाय संस्थेच्या मदतीसाठी. विनोदवीर जॅक डी त्यात इतका वैतागलेला होता की एकदा घराबाहेर निसटलासुद्धा. लोकांनी त्यालाच जिंकवलं! जो नाखूश, तोच खरा वाटला.

पुढच्या वर्षी एमटीव्हीवर 'द ऑस्बोर्न्स' आलं. रंगमंचावर वटवाघळाचं डोकं चावणारा रॉक गायक ऑझी ऑस्बोर्न घरात टीव्हीचा रिमोट घेऊन हैराण झालेला दिसला. बटणं दाबतोय, काही जमत नाहीये, मुलाला हाका मारतोय. मला विचाराल तर या एका दृश्याने नामवंतपणाची जुनी रीत मोडली. तोवर ताऱ्याने लांब राहायचं, घर झाकून ठेवायचं, असा हिशोब होता. ऑझीचं घर उघडं पडलं आणि त्याच्या गाण्यांशी घेणंदेणं नसलेले लोकही त्याला ओळखू लागले.

पण कात्री अजून परक्या हातात होती. म्हणून मला 2007 महत्त्वाचं वाटतं. त्या ऑक्टोबरात 'कीपिंग अप विथ द कार्दाशियन्स' सुरू झालं, अमेरिकेतल्या कार्दाशियन बहिणी आणि त्यांच्या घरच्यांवरचं. त्या बायकांना नावं ठेवणं सोपं आहे, मीही ठेवली आहेत. श्रेयनामावली मात्र मी फार उशिरा वाचली. तिथे कार्यकारी निर्मात्यांमध्ये एक नाव होतं क्रिस जेनर. म्हणजे, मुलींची आई. 2021 पर्यंत त्या मालिकेचे 20 सीझन झाले, घटस्फोट आणि भांडणांसकट. लाउड कुटुंबाला ज्या टेबलापाशी कुणी बसू दिलं नव्हतं, तिथे ही आई पहिल्या दिवसापासून खुर्ची ओढून बसली होती.