पहिल्या पाळीची वाट पाहू नका

(वर्धा जिल्ह्यातील आशा, एएनएम (उपकेंद्रातल्या परिचारिका) आणि वैद्यकीय अधिकारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

गर्भपातानंतरच्या गर्भनिरोधनावर बोलायचे ठरले तेव्हा मला आधी एक बाई आठवली. कापूस वेचणीचे दिवस होते. ओपीडीत माझ्यासमोर बसली तेव्हा तिच्या बोटांवर बोंडांच्या टोकांचे ओरखडे होते आणि पदराच्या गाठीत गोळ्यांचे रिकामे पाकीट होते. अडीच महिन्यांपूर्वी नवऱ्याने मेडिकलमधून आणलेल्या गर्भपाताच्या गोळ्या तिने घेतल्या, अंगावरून गेले, दहा-बारा दिवसांत थांबले आणि त्यानंतर पाळी आलीच नाही. सोनोग्राफीत आठ आठवड्यांचा गर्भ दिसला तेव्हा ती म्हणाली, "पाळीच नाही आली जी मले, मंग दिवस कसे राह्यले?"

आपल्यापैकी अनेकजणी हा प्रश्न ऐकून मनातल्या मनात हसतील. मात्र त्यामागचा तर्क पक्का आहे आणि तो बाळंतपणाच्या अनुभवातून आला आहे. बाळंतिणीने बाळाला केवळ अंगावरच पाजले, दिवसा-रात्री पाजले आणि पाळी आली नाही, तर पहिले सहा महिने दिवस राहण्याची शक्यता फार कमी असते, हे गावातल्या आजीलाही ठाऊक असते. तोच हिशोब बाई गर्भपाताला लावते. पण इथे पाजणे नसते. गर्भपात झाला की गर्भाने निर्माण केलेले संप्रेरक झपाट्याने उतरते आणि बीजकोश पुन्हा कामाला लागतो. काही स्त्रियांमध्ये आठव्या-दहाव्या दिवशीच बीज सुटते आणि बहुतेकींमध्ये ते महिन्याच्या आत सुटलेले असते. पाळी येते ती बीज सुटल्यानंतर साधारण चौदा दिवसांनी. म्हणजे पहिल्या पाळीची वाट पाहणारी बाई, दिवस राहण्याची पहिली वेळ टळून गेल्यानंतरच्या खुणेची वाट पाहत असते. गोळ्यांनंतर जे अंगावरून जाते ती पाळी नव्हे, हेही आपण तिला क्वचितच स्पष्ट शब्दांत सांगतो.

सांगणार तरी कुठे, हा पुढचा प्रश्न आहे. भारतात २०१५ या एका वर्षात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले असा अंदाज २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यांतले जवळपास तीन चतुर्थांश कोणत्याही दवाखान्याबाहेर, गोळ्या घेऊन झालेले होते. मेडिकलच्या काउंटरवर गोळ्या कागदात गुंडाळून नवऱ्याच्या हाती दिल्या जातात. तिथे पुढचे कोण बोलणार? त्यामुळे अशी बाई रक्तस्राव जास्त झाला म्हणून, ताप आला म्हणून किंवा नुसती अशक्तपणाची तक्रार घेऊन आपल्याकडे येते, तेव्हा तीच आपली पहिली आणि बहुधा शेवटची भेट असते. त्या भेटीत गोळ्या कुणी आणल्या याची उलटतपासणी करण्यात वेळ घालवला, तर खरी गोष्ट राहून जाते.

आता आपल्या घरचे बोलते. गप्प राहणे ही आपली एक चूक आहे, आणि तिच्या नेमकी उलटी चूकही आपणच वर्षानुवर्षे केली आहे. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मी ज्या रुग्णालयात होते, तिथे "तांबी (म्हणजे कॉपर-टी) बसवणार असाल तर पिशवी साफ करून देऊ" असे सर्रास सांगितले जाई आणि मीही ते सांगितले आहे. अशीच एक बाई मुकाट्याने हो म्हणाली, मी तांबी बसवली, रजिस्टरमध्ये आकडा चढला. महिनाभरात तिने पैसे देऊन ती दुसरीकडे काढून घेतली. पुढे तिला पुन्हा नको असताना दिवस राहिले तेव्हा ती आमच्याकडे आली नाही. कुठे गेली, कुणाकडून काय करून घेतले, हे मला ती रक्त चढवण्यासाठी दाखल झाली तेव्हा तिच्या जावेकडून कळले. वैद्यकीय गर्भपात कायदा १९७१ चा आहे. त्यात साधन स्वीकारण्याची अट कुठेही नाही आणि अठरा वर्षांवरील स्त्रीची एकटीची संमती पुरते. तांबीलाही नवऱ्याची सही लागत नाही आणि नसबंदीलाही लागत नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर तर गर्भनिरोधन फसल्याच्या कारणात विवाहितेऐवजी "कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार" असे शब्द आले आहेत, तेव्हा समोर अविवाहित मुलगी किंवा विधवा बसली असेल तर आपल्या कपाळावर आठी येण्याचे कारण उरलेले नाही.

जाता जाता सांगते, या विषयावरचा एक मोठा वाद आपल्याच वर्ध्यात झाला आहे. डिसेंबर १९३५ मध्ये अमेरिकेतल्या संततिनियमन चळवळीच्या पुढारी मार्गारेट सँगर गांधीजींना इथे येऊन भेटल्या; गांधीजी संयमावर ठाम राहिले आणि त्या साधनांवर. त्याच्या चौदा वर्षे आधी, १९२१ मध्ये, र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले होते. मला या वादाची आठवण ओपीडीत वरचेवर होते, कारण गर्भपात झालेल्या बाईला "पुढे काय करणार?" असे विचारले की हमखास उत्तर येते, "आता जवळच जात नाही जी." ती त्या क्षणी अगदी खरे बोलत असते. तिला खोडून काढू नका. "ठीक आहे, पण तसे झालेच तर हाताशी काही असावे" एवढेच म्हणा.

हाताशी काय, आणि केव्हापासून? व्हॅक्युमने पिशवी रिकामी केली असेल आणि जंतुसंसर्ग नसेल तर त्याच दिवशी कोणतेही साधन सुरू करता येते. तांबीसुद्धा त्याच टेबलावर किंवा बारा दिवसांच्या आत बसवता येते. गोळ्यांनी गर्भपात होत असेल तर निरोध, माला-एन किंवा छाया या गर्भनिरोधक गोळ्या किंवा अंतरा हे गर्भनिरोधक इंजेक्शन तिसऱ्या दिवशी, म्हणजे दुसऱ्या औषधाच्या दिवशीच सुरू होऊ शकते. तांबीला मात्र पंधराव्या दिवशी पिशवी पूर्ण रिकामी झाल्याची खात्री करावी लागते आणि स्त्रीनसबंदीला पुढची पाळी येऊ द्यावी लागते. सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत रोजी बुडवून पंधराव्या दिवशी परत येणाऱ्या किती, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगले जाणता. म्हणून तांबी हवी असलेल्या बाईलाही पहिल्या दिवशी रिकाम्या हाताने पाठवू नये.

कोणते साधन, हे तिचे घर कसे आहे त्यावरही ठरते. माला-एनचे पाकीट रोज लागते आणि ते कुठेतरी ठेवावे लागते; तांदळाच्या डब्यात लपवलेले पाकीट सासूच्या हाती लागल्यावर काय होते, ते मी पुन्हा सांगत नाही. अंतराचे इंजेक्शन तीन महिन्यांतून एकदा घ्यायचे असते आणि घरात काही ठेवावे लागत नाही. दिवाळीनंतर मेळघाटातून कामासाठी बाहेर पडणाऱ्या बाईला ते सोयीचे पडते. फक्त पाळी अनियमित होईल किंवा थांबेल आणि बंद केल्यावर दिवस राहायला काही महिने जास्त लागतील, हे आधी सांगितलेच पाहिजे. तांबीने सुरुवातीचे काही महिने रक्तस्राव वाढतो आणि आपल्या राज्यातल्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आहेत, तेव्हा हिमोग्लोबिन पाहिल्याशिवाय तिचा आग्रह नको. छायात संप्रेरक नाही; पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर एकदा घ्यायची. एका एएनएमने मला यातली युक्ती शिकवली: आठवडी बाजाराचा वार धरायचा. बाजार मंगळवारचा असेल तर एक गोळी मंगळवारी आणि एक शुक्रवारी, तीन महिने झाले की फक्त मंगळवारची. छापील तक्त्यापेक्षा हे बायकांच्या जास्त लक्षात राहते.

पुरुषांविषयी थोडेच बोलते, कारण सभागृहात ते थोडेच आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरात पुरुषनसबंदीचे प्रमाण ०.३ टक्के आहे, तर महाराष्ट्रात जवळपास निम्म्या विवाहित स्त्रियांनी ऑपरेशन करून घेतलेले आहे. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी आणि बिनटाक्याची असते, पण तिचा परिणाम तीन महिन्यांनी वीर्यतपासणीनंतरच खात्रीचा होतो, तोपर्यंत निरोध लागतोच, ही गोष्ट जोडप्याला सांगायची राहते आणि नंतर संशय बाईवर येतो.

बोलणे कुठे आणि केव्हा करायचे, यावर माझे मत ठाम आहे. गर्भपात करायचा की नाही या निर्णयाशी साधनाचा विषय जोडू नका, तो निर्णय होऊन नोंद झाल्यावर, वेगळ्या खुर्चीवर, सोबत आलेल्या माणसांना बाहेर बसवून, एवढेच विचारा: "पुन्हा दिवस राहावेत असे वाटते का, आणि वाटत असेल तर कधी?" नाव आणि कारण गुप्त ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे, म्हणून आशाताईंनी गृहभेटीत अंगणातून "गोळ्या घेतल्या का?" असे विचारू नये, त्या एका प्रश्नाने गल्लीभर कळते.

मागच्या वर्षी एक मुलगी आली होती, लग्नाला दीड वर्ष झालेली. गर्भात दोष निघाल्यामुळे तिचा गर्भपात करावा लागला होता. तिला हाच प्रश्न विचारला तेव्हा ती रडली आणि म्हणाली, "मले पाहिजेच आहे मॅडम, लवकर." सहा महिने शरीराला विसावा द्यावा असा सल्ला तिला दिला, त्यापुरते निरोध दिले, फोलिक ॲसिड कधी सुरू करायचे ते सांगितले. निरोध तिने टेबलावरच ठेवले आणि फोलिक ॲसिडच्या गोळ्या तेवढ्या पदरात बांधल्या. मासिक अहवालात साधनाच्या रकान्यात तिच्या नावापुढे "नकार" असे लिहिले गेले, आणि बैठकीत त्या नकाराचे स्पष्टीकरण माझ्याकडे मागितले गेले. मी लिहून दिले की तिला मूल हवे आहे.