जमालपूरला परत जाताना

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय, 'युद्धाचं स्मरण कुठे करावं?' माझं उत्तर एका वाक्याचं आहे. लढाई झाली तिथे करावं, राजधानीत नव्हे. ते पटवून द्यायला तुम्ही मला पाऊण तास दिलाय. पण आधी पासपोर्टचं सांगतो, फार दिवस पोटात राहिलंय ते.

१९७१ च्या बांगलादेश युद्धात मी माउंटन रेजिमेंटमध्ये गनर, म्हणजे तोफ चालवणारा जवान होतो. तोफखान्याचा माणूस निवृत्त झाला की देवळालीच्या आसपासच घर बांधतो, हे या सभागृहात सांगायला नको. पहिल्या दोन रांगांत निम्मे तेच बसलेत. गोरे सोल्जर इथल्या कँपात बोटीची वाट बघत पडून राहायचे, काहींचं डोकं फिरायचं. म्हणून इंग्रजीत वेडसर माणसाला 'डुलॅली' म्हणायला लागले, आपल्या गावाच्या नावावरून! ते चार महिन्यांत फिरले, आम्ही चाळीस वर्षं राहून शाबूत आहोत. हसताय काय?

तर, कोरोनाच्या आधी आम्ही नऊ जणांनी ठरवलं, डिसेंबरात बांगलादेशात जमालपूरला जायचं. १६ डिसेंबरच्या सोहळ्याला आपले माजी सैनिक सरकारतर्फे ढाक्याला जातात, तिकडचे मुक्तियोद्धे, म्हणजे पाकिस्तानशी लढलेले बंगाली, कोलकात्याला येतात. चांगली प्रथा आहे. पण त्या यादीत नाव येईपर्यंत आमचा वरच्या यादीत नंबर लागला असता. म्हणून पदरमोड करून निघालो.

नवातल्या सहा जणांचा वाढदिवस १ जून. गुरुजींची कृपा, दुसरं काय! डिस्चार्ज बुकात भरतीच्या वेळी अंदाजाने घातलेली तारीख वेगळी, आधार कार्डावर तिसरीच. पासपोर्टच्या खिडकीतल्या पोराने आमच्या सुभेदारसाहेबांना विचारलं, "काका, तुम्ही नक्की कधी जन्मलात?" साहेब म्हणाले, "मी हजर होतो बाळा, पण हातात घड्याळ नव्हतं." पोरगा हसला, फॉर्म मात्र परतच केला. चार खेपा झाल्या, प्रतिज्ञापत्रं झाली. त्यात आला नोव्हेंबर, म्हणजे पेन्शनवाल्यांचा हयातीच्या दाखल्याचा महिना. बँकेच्या मशीनवर दोघांचे अंगठे उमटेनात. एका ऑफिसात जन्माचा पुरावा जुळत नाही, दुसऱ्यात जिवंत असल्याचा. अशी माणसं परदेशाला निघालेली!

असो. नाशिकरोडहून गीतांजली, पुढे कोलकात्याहून मैत्री एक्सप्रेस. तीही आता २०२४ पासून बंद आहे. ती ज्या स्टेशनात शेवटी थांबायची त्याचं नाव ढाका कँटोनमेंट. पाटी बघून आमच्यातला एक जण सवयीने सावधान उभा राहिला.

जमालपूरची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल, तरी सांगतो. मला आवडते म्हणून. आपले ब्रिगेडियर क्लेर यांनी जमालपुरातल्या ३१ बलुच पलटणीचे पाकिस्तानी कमांडर सुलतान अहमद यांना चिठ्ठी धाडली, शरण या. चिठ्ठी नेली जहुरुल हक मुन्शी नावाच्या मुक्तियोद्ध्याने, सायकलवरून, पांढरा झेंडा लावून. मुन्शीने मार खाल्ला आणि उत्तर आणलं, तेही बंदुकीच्या गोळीला गुंडाळलेलं. पुढच्या भेटीत तुमच्या हातात पेन नको, स्टेन (म्हणजे स्टेनगन) असू दे, असा त्याचा मथितार्थ. काय तोरा! १० डिसेंबरच्या मध्यरात्री तीच ३१ बलुच पलटण दक्षिणेकडे फुटून निघायला गेली, तर रस्त्यावर आपली जंगी पलटण, पहिली मराठा, आडवी बसलेली.

आमच्या तोफा नदीच्या उत्तरेला, शेरपूरच्या अंगाला होत्या. पण नेमक्या कुठे? दोन म्हातारे होकायंत्र घेऊन भर रस्त्यात भांडायला लागले. एक म्हणतो बांबूच्या बेटापाशी, दुसरा म्हणतो बंधाऱ्यापाशी. गर्दी जमली. त्यातला एक दाढीवाला गृहस्थ, तेव्हा दहा वर्षांचा असेल, काही न बोलता आम्हाला मोहरीच्या शेतात घेऊन गेला. म्हणाला, इथे. तोफा गेल्यावर आम्ही पोरांनी पितळी नळकांडी गोळा केली होती. घरात जाऊन त्याने एक आणून दाखवलं. पंच्याहत्तर मिलिमीटरच्या गोळ्याची केस! त्याची आई त्याने तांदूळ मोजायची. तळ घासून घासून आरशासारखा झालेला. आणि जागा? भांडणाऱ्या दोघांचीही चुकलेली. माझीसुद्धा, मी फक्त बोललो नव्हतो.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. गोळीला गुंडाळलेली नाही, आभारी आहे. पाच मिनिटं.

मुद्दा पटकन सांगतो. ढाक्यात रेसकोर्सवर पाकिस्तानच्या जनरल नियाझींनी आपल्या जनरल अरोरांसमोर शरणागतीवर सही केली, ९३ हजार युद्धकैदी झाले, हे पुस्तकात आहे. ते वाचायला तिकीट काढावं लागत नाही. आमची तोफ कुठे उभी होती हे मात्र त्या शेतात गेल्यावरच दुरुस्त झालं, आणि दुरुस्त केलं तिथल्या माणसाने. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस, १० जुलै १९४४ ला इटलीत पडले. २०२३ साली मोंतोने नावाच्या लहानशा गावात त्यांच्या नावाचं स्मारक उभं राहिलं, तेही सूर्यघड्याळाच्या रूपात. रोममध्ये नव्हे, मोंतोनेत! तेव्हा माझी मागणी एवढीच: १६ डिसेंबरला जाणाऱ्या सरकारी शिष्टमंडळाचा एक दिवस ढाक्यातला कमी करा आणि जमालपूर, हिली, आखौरा अशा लढाया झालेल्या गावांना द्या. यादीत जवान जास्त घाला, साहेब कमी. साहेब पहिल्या रांगेत आहेत, माफ करा.

नकाशा दाखवायचा राहिलाच. बाहेर चहाच्या टेबलावर पसरून ठेवतो, बघा. कप मात्र त्याच्यावर ठेवू नका.