पॅनेलवर येणे, पॅनेलवर राहणे

(वकील संघाच्या ग्रंथालयात तरुण वकिलांपुढे दिलेले व्याख्यान, संपादित स्वरूपात)

अध्यक्ष महोदय, ज्येष्ठ सहकारी आणि नुकतीच सनद हातात पडलेले माझे मित्रहो, निमंत्रणावर विषय छापला आहे तो ‘बँकेच्या पॅनेलवर वकिलाने कसे यावे’ असा. पॅनेल म्हणजे कर्जासाठीच्या मिळकतीचे कागद तपासण्याचे काम बँक ज्यांना देते, त्या वकिलांची यादी. त्या विषयावर बोलणारच आहे. पण आधी पॅनेलवर राहण्याबद्दल बोलू द्या. येण्याचा अर्ज तुम्ही स्वतः वाचून भराल. राहण्याबद्दल मात्र कोणी काही लिहून देत नाही, आणि गेली कित्येक वर्षे हे मला कुठेतरी मोकळेपणाने बोलायचे होते.

सर्च म्हणजे मिळकतीच्या मालकीचा जुन्या कागदांतून घेतलेला शोध, हे या खोलीत सांगायला नको. नोंदवलेल्या दस्तांची सूची म्हणजे इंडेक्स २, सातबारा, त्यातले बदल नोंदवणारे फेरफार, शहरात मिळकत पत्रिका, आणि शेवटी ‘क्लिअर अँड मार्केटेबल’, म्हणजे मालकी निर्वेध आणि विक्रीयोग्य, असे लिहून खाली आपली सही. परवा एका ज्युनिअरने विचारले, सर्च तीस वर्षांचाच का? प्रश्न मला फार आवडला. 1963 च्या मुदतीच्या कायद्यात गहाण सोडवून घेण्याच्या दाव्याला तीस वर्षे आहेत, सरकारच्या दाव्यालाही तीस. मालकीवरून ताबा मागायला बारा, म्हणून काही बँका तेरा वर्षांवर भागवतात. पण खेड्यातली जमीन असेल तर तीस वर्षांवरही थांबू नका, असे माझे म्हणणे आहे. संगणकावर सापडते ते बहुतेक 2002 नंतरचे. खरी गोम असते तलाठी दप्तरातल्या हस्तलिखित फेरफारांत, ज्यांची पाने उलटताना कडा हातात येतात. तिथे जा. रेकॉर्ड सांभाळणाऱ्या माणसाशी आदराने बोला, त्याच्या चहाच्या वेळा ठाऊक करून घ्या. कुठले बाड कुठल्या फडताळात आहे हे फक्त त्यालाच माहीत असते, आणि तो रुसला तर तुमचा सर्च पुढच्या आठवड्यात गेला म्हणून समजा!

आता माझी एक हकीकत सांगतो. माझ्याकडे एका शाखेतून फाइल आली. एनए म्हणजे बिगरशेती प्लॉट, त्यावर बांधलेले घर, घेणारे नवराबायको दोघे शिक्षक. सातबारा स्वच्छ, एनए ऑर्डर जागेवर, खरेदीखत नोंदलेले. मागे मागे जाता वारसाचा एक फेरफार लागला. मूळ मालक मयत, वारसांच्या वर्दीत पत्नी, दोन मुलगे आणि तीन मुली. मुलग्यांची नावे कब्जेदार सदरी, म्हणजे मालकाच्या रकान्यात लागली, मुलींची गेली इतर हक्काच्या रकान्यात. इथवर आपल्या गावांत सर्रास होते तेच. तीन वर्षांनी दुसरा फेरफार. ‘बहिणींनी जबाब दिल्यावरून इतर हक्कातील नावे कमी केली.’ खाली तीन अंगठे आणि मंडळ अधिकाऱ्याचा ‘मंजूर’ असा शेरा. हक्कसोड पत्र? नाही. नोंदणीकृत असा एकही कागद नाही.

तुमच्यापैकी कोणी मनात म्हणत असेल, मुलींना हक्क हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने आला. थांबा. ते जन्मतः सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत भागीदार होण्याबद्दल. बाप मृत्युपत्र न करता वारला की त्याच्या हिश्श्यात मुलगी 1956 च्या त्याच मूळ कायद्याच्या कलम 8 नेच वर्ग 1 ची वारस आहे. तो हक्क सोडायचा तर 1908 च्या नोंदणी कायद्याच्या कलम 17 प्रमाणे दस्त नोंदवावा लागतो. तलाठ्यापुढच्या अंगठ्याने महसुली नोंद बदलते, मालकी बदलत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे किती वेळा सांगितले आहे! म्हणून मी अहवालात एक परिच्छेद घातला: तिन्ही बहिणींकडून खरेदीखताला नोंदणीकृत मान्यता घ्यावी, तोवर कर्ज वितरित करू नये.

संध्याकाळी शाखेतून फोन. “वकीलसाहेब, बाकी अहवाल उत्तम आहे, तेवढी एक ओळ काढा. मार्च आहे.” मी म्हटले, ओळ निघणार नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन, या वेळी जरा वरच्या साहेबांचा. ओळ राहिली. ते शिक्षक दांपत्य माझ्याकडे आले, बिचारे घाबरलेले. मी त्यांना फेरफार वाचून दाखवला. त्यांनी विकणाऱ्या भावाला गाडीत घातले आणि तिन्ही बहिणींची गावे गाठली. थोरली म्हणाली, “सही देते की. पण याने आधी जेवायला बसायचं आणि माझ्या तोंडाकडे बघून विचारायचं. तेव्हा कोणी विचारलंच नव्हतं.” भाऊ जेवला, त्याने विचारले, तिघींनी सह्या केल्या, दस्त नोंदला गेला. आज त्या घराच्या टायटलवर, म्हणजे मालकीवर, कोणी बोट ठेवू शकणार नाही.

आणि त्या शाखेतून मला पुन्हा फाइल आली नाही. पॅनेलवरून काढल्याचे पत्र नाही, कसली तक्रार नाही. यादीत माझे नाव तसेच, दरवर्षी नूतनीकरणाचा फॉर्मही येई. फक्त काम थांबले. मित्रहो, पॅनेलवरून वकील जातो तो बहुतेक असा जातो, आणि याविरुद्ध अपील कुठेच नाही. ज्याच्यावर कर्जवाटपाचे टार्गेट आहे, तोच माणूस कुठल्या वकिलाला फाइल द्यायची हे ठरवतो. ही व्यवस्था मला मुळापासून चुकीची वाटते. मॅनेजरची तीन वर्षांनी बदली होते, आपली सही कर्ज फिटेपर्यंत त्या फाइलमध्ये असते. आणि सर्चची फी भरतो कोण? कर्जदार. त्याला वाटते हा आपला वकील. अहवालाची प्रत मात्र बहुतेकदा त्याला दाखवतही नाहीत.

2012 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल इथे सगळ्यांनी वाचलाच पाहिजे. हैदराबादच्या एका बँकेच्या पॅनेल वकिलावर सीबीआयने खोट्या गृहकर्जांच्या कटात आरोपपत्र ठेवले होते. न्यायालय म्हणाले, मत चुकले एवढ्यावरून वकील गुन्हेगार ठरत नाही. कटातला त्याचा सहभाग दाखवणारा पुरावा हवा. निष्काळजीपणा असेल तर नुकसानभरपाई आणि शिस्तभंगाची कारवाई आहेच. पण तुरुंग टळला म्हणून निर्धास्त होऊ नका. फसवणुकीत हात असल्याचे बँकेने कळवले की वकिलाचे नाव इंडियन बँक्स असोसिएशनच्या सावधगिरीच्या यादीत जाते. मग एका बँकेचे नव्हे, सगळ्यांचेच दार बंद.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे, दहा मिनिटे उरली. कबूल केलेला विषय आता भराभर घेतो.

अर्ज सरकारी बँकेत अंचल किंवा विभागीय कार्यालयाकडे करायचा, शाखेकडे शिफारशीसाठी फार तर. सनद, पॅन, दिवाणी आणि मालमत्तेच्या कामाचा अनुभव, शिस्तभंगाची कारवाई नसल्याचे प्रतिज्ञापत्र, इतर पॅनेलची पत्रे. वर्षांची अट बँकेगणिक वेगळी, तेव्हा त्या बँकेची जाहिरात वाचा. नवख्याने सुरुवात नागरी सहकारी बँक आणि पतसंस्थांपासून करावी. जाहिरात आपल्याला बार कौन्सिलच्या नियम 36 ने वर्ज्य आहे, त्यामुळे तुमची ओळख म्हणजे तुमचे जुने अहवाल. राहायचे असेल तर मूळ खरेदीखत दुय्यम निबंधकाच्या प्रमाणित प्रतीशी ओळ न् ओळ ताडून पाहा; रंगीत झेरॉक्सने भल्याभल्यांना फसवले आहे. सर्च फीची पावती अहवालाला जोडा. वर्ग 2, इनाम, कूळ कायद्याचे कलम 43, म्हणजे विकायला सरकारी परवानगी लागणाऱ्या जमिनी, यांवर स्वतंत्र परिच्छेद. कागद ठेवून गहाण असेल तर महाराष्ट्रात तीस दिवसांत नोटीस ऑफ इंटिमेशन, म्हणजे गहाणाची दुय्यम निबंधकाला सूचना, झाली का, सरसाई या तारणांच्या केंद्रीय नोंदवहीत नोंद आहे का, हे बघा. जे पाहिले नाही ते पाहिले नाही असे लिहा.

इंग्लंडमध्येही पॅनेलची ओढाताण आहेच. 2012 मध्ये एचएसबीसीने तिथले पॅनेल 43 फर्मपुरते आटोपले, तेव्हा मोठी ओरड झाली, कारण तिथे घर घेणाऱ्याचा आणि बँकेचा सॉलिसिटर बहुधा एकच असतो. पण त्यांची एक गोष्ट घेण्यासारखी आहे. कर्ज देणाऱ्या संस्थांनी वकिलांना द्यायच्या सूचनांचे एकच सामाईक पुस्तक आहे. पहिला भाग सगळ्यांना समान, दुसऱ्यात त्या त्या संस्थेच्या खास अटी, आणि दोन्ही जाहीर. शिवाय तिथल्या लॉ सोसायटीने 2011 पासून या कामासाठी फर्मना गुणवत्तेची मान्यता द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने 2013 मध्ये 5 कोटींच्या आणि त्यावरच्या कर्जांना टायटलचे लीगल ऑडिट, म्हणजे मालकीच्या कागदांची ठरावीक काळाने फेरतपासणी, लावले. चाळीस लाखांच्या घरात राहणाऱ्या शिक्षकाला काय?

म्हणून मी निवेदनाचा मसुदा केला आहे. तो राज्यस्तरीय बँकर्स समितीकडे द्यायचा. तिचे निमंत्रकपद बँक ऑफ महाराष्ट्रकडे आहे. मागण्या चार. फाइल अंचल कार्यालयातून पाळीने यावी, शाखेच्या मर्जीने नव्हे. कर्ज नामंजूर झाले तरी सर्चची फी मिळावी. अहवालाची प्रत कर्जदाराला द्यावी. आणि सर्व बँकांना एकच नमुना असावा. मसुदा ग्रंथपालांच्या टेबलावर आहे. फीच्या कलमावर आपल्या ज्येष्ठांमध्येच दोन मते आहेत, तेव्हा सही करण्याआधी ते वाचा आणि पटले नाही तर आत्ताच, इथेच बोला.